कोयनेत किती टी-शर्ट मावतात?

पावसाळ्यात सातारा-सांगलीकडचा माणूस सकाळी उठला की आधी कोयनेचा आकडा विचारतो. किती टीएमसी झालं? धरण 105.25 टीएमसीचं. हा आकडा इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतो, कारण उन्हाळ्यातलं पाणी त्यावर ठरतं, वीज त्यावर ठरते आणि सांगलीत आयर्विन पुलाखाली कृष्णा कुठवर चढणार याचा अंदाजही त्यावरच बांधला जातो. पण एक टीएमसी म्हणजे नेमकं किती, असं विचारलं तर भले भले नुसते हात पसरून दाखवतात. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरात सांगायचं तर 2,832 कोटी. अख्खी भरलेली कोयना म्हणजे 2 लाख 98 हजार कोटी लिटर.

आता पोरांच्या पर्यावरण प्रकल्पाच्या वहीतला दुसरा आकडा घेऊ. एक सुती टी-शर्ट तयार व्हायला 2,700 लिटर पाणी लागतं. भिंतीवरच्या तक्त्यांत, भाषणांत, मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रांत, सगळीकडे हाच. भागून बघा. कोयना तळाचा गाळ दिसेपर्यंत उपसली तर 110 कोटी टी-शर्ट होतात. देशाची लोकसंख्या 140 कोटींच्या वर. म्हणजे माणशी एक टी-शर्ट द्यायचा म्हटलं तरी तीस कोटी माणसं उघडी राहतील.

हे ऐकून पोरं तोंडात बोटं घालतात आणि बहुधा तास तिथेच संपतो. माझ्या मते खरा तास इथून पुढचा आहे. हा 2,700 आला कुठून, हे पाणी कोणाचं, आणि ते खरोखर कोयनेसारख्या धरणातून जातं का, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याचा उपयोग घोषणेपलीकडे होत नाही.

पिकांच्या आणि वस्तूंच्या पाण्याचा हिशेब मांडणाऱ्या वॉटर फूटप्रिंट नेटवर्कने अडीचशे ग्रॅमच्या सुती शर्टाला जगाच्या सरासरीने सुमारे 2,500 लिटर, म्हणजे तक्त्यातल्या आकड्याच्या जवळपास, धरले आहेत, आणि त्या पाण्याचे तीन रंग केले आहेत. पावसाचं, जमिनीत मुरलेलं आणि पिकाने शोषलेलं ते हिरवं पाणी. धरण, कालवा, विहीर, बोअर यांचं ते निळं. शेतातून आणि कारखान्यातून निघालेली घाण सोसण्याइतकी पातळ करायला जे लागेल ते करडं. शर्टाच्या पाण्यात हिरवं 54 टक्के, निळं 33 आणि करडं 13. म्हणजे कोयनेशी तुलना करायचीच तर फक्त निळ्याची करावी. ते शर्टामागे सव्वाआठशे लिटर. त्या हिशेबाने कोयनेत साडेतीनशे कोटींहून जास्त शर्ट मावतात. एका प्रश्नासरशी आकडा तिपटीहून पुढे गेला.

महाराष्ट्राचा कापूस तर बहुतांश कोरडवाहू. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात तो पावसाच्या भरवशावर उभा असतो. तिथे कपाशी नसती तर सोयाबीन, तूर किंवा नुसतं तण त्या पावसावर वाढलं असतं. तरीही भारतातल्या कापसाचा आकडा याच नेटवर्कच्या हिशेबात भयंकर दिसतो. जगाची सरासरी किलोला 10,000 लिटर, तर भारताची 22,500. आपला शेतकरी पाणी उधळतो म्हणून हे घडतं का? मुख्य कारण वेगळं आहे. आपल्याकडे एकरी उतारा कमी. पाऊस पडायचा तेवढाच पडतो, पण त्याला भागायला कापूस कमी असतो, म्हणून भागाकार मोठा येतो. यवतमाळच्या कोरडवाहू शेतकऱ्याची गरिबी पुस्तकात पाण्याची नासाडी म्हणून छापली जाते.

आणि आपण ऊसपट्ट्यातली माणसं, तेव्हा हेही सांगून टाकतो. याच पद्धतीने उसाच्या साखरेचं पाणी किलोला सुमारे 1,780 लिटर येतं. म्हणजे शर्टाएवढं पाणी दीड किलोहून कमी साखरेत जातं. शर्ट दोन-चार वर्षं टिकतो. दीड किलो साखर चहावाल्या घरात किती दिवस टिकते, ते ज्याचं त्याने पाहावं.

निळं पाणी खरोखर कापसापायी संपलं, अशी जागा जगात आहे. मध्य आशियातला अरल समुद्र. अमू दर्या आणि सिर दर्या या त्याला मिळणाऱ्या नद्या सोव्हिएत राजवटीने मुख्यतः कापसासाठी कालव्यांत वळवल्या. 1960 साली या समुद्राचं क्षेत्र 68,000 चौरस किलोमीटर होतं, 2007 पर्यंत त्याचा जेमतेम दहावा हिस्सा उरला. सातारा जिल्हा 10,480 चौरस किलोमीटर, सांगली 8,572. महाबळेश्वरपासून जतपर्यंतचे हे दोन्ही जिल्हे तीनदा अंथरले तरी नाहीशा झालेल्या पाण्याची जागा भरत नाही. 2,700च्या तक्त्याशेजारी अरलचा नकाशा लावला तर निळं पाणी म्हणजे काय ते पोरांना वेगळं समजावावं लागणार नाही.

पाण्याचं झालं. मला स्वतःला त्याहून जास्त थक्क करतो तो सुताचा आकडा. त्यात वाद नाही, अंदाज नाही, सरळ गणित आहे. 30 नंबरचं सूत म्हणजे एका पौंडात 840 यार्डांच्या 30 लडी. किलोचा हिशेब केला तर जवळपास 51 किलोमीटर. दोनशे ग्रॅमच्या टी-शर्टात दहा किलोमीटर सूत. सांगली ते मिरज. तुम्ही अंगात घालता, धुता, खुंटीला अडकवता ते हे एवढं. साडी घ्या. 60 नंबरच्या सुताची अर्ध्या किलोची साडी उसवली तर धागा 50 किलोमीटर निघतो. साताऱ्यात टोक धरून निघालात तर कराड येईतो पुरेल.

हे सूत हाताने काढायची सवय महाराष्ट्रातल्या शाळांना होती. आज साठी-सत्तरीत असलेल्या अनेकांनी शाळेत सूतकताईचा तास केलेला असतो. हातात टकळी, मांडीवर पेळू, आणि दर दोन मिनिटांनी तुटणारा धागा. चार फुटांची एक तार, अशा 640 तारांची एक गुंडी, म्हणजे सुमारे 780 मीटर. आजच्या एका टी-शर्टाला अशा तेरा गुंड्या लागतील. शाश्वत फॅशन हा शब्द तेव्हा कोणी ऐकलेला नव्हता, पण कापड कशाचं होतं आणि किती कष्टाने होतं, हे बोटांना ठाऊक होतं. तो तास बऱ्याच जणांना कंटाळवाणा वाटे हेही खरं.

बेळगावात 1924च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते तिथे. सभासदाने वर्गणी पैशात न देता सुतात द्यावी, असं तिथे ठरलं. महिन्याला 2,000 यार्ड, वर्षाला 24,000. रोज अर्धा तास सूत काता, असा आग्रह होताच. वर्षभरात देशभक्तांना ही वर्गणी जड गेली आणि 1925मध्ये अट सैल करावी लागली. 24,000 यार्ड म्हणजे बावीस किलोमीटर. 30 नंबरचं सूत धरलं तर दोन टी-शर्ट. ज्या काळात माणसं तुरुंगात जायला तयार होती, त्या काळात वर्षाला दोन टी-शर्टांचं सूत त्यांच्याच्याने निघेना. आज तेवढं सूत आपण दुकानात ‘एकावर एक फ्री’ म्हणून घेतो.

सुतानंतर माग. विट्यात, माधवनगरात आणि सांगली जिल्ह्याची हद्द ओलांडली की इचलकरंजीत यंत्रमागाचा खडखडाट ऐकतच पिढ्या वाढल्या. तिथे मजुरी ठरते ती पिकावर. पिक म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी, आणि 52 पिकाचं कापड म्हणजे इंचात अशा 52 फेऱ्या. मीटरभर कापडात 2,047. साधा माग मिनिटाला सव्वाशेच्या आसपास फेऱ्या घालतो, म्हणजे मीटरभर कापडाला सोळा-सतरा मिनिटं. एका शर्टाच्या दोन मीटर कापडासाठी धोटा चार हजारांवर वेळा इकडून तिकडे गेलेला असतो. एकेक कामगार असे अनेक माग एकाच वेळी सांभाळतो. शिवाय वहिफणी, कांडी, सायझिंग, घडी ही कामं करणारे हात वेगळे. पाण्याच्या तक्त्यात या फेऱ्या कोणी लिहीत नाही. या दोन जिल्ह्यांतल्या पोरांना विट्याचा माग दाखवायला एसटीचं तिकीट पुरतं. मीटरच्या पट्टीने एकदा स्वतः पिक मोजला की स्वस्त कापड नेमकं कोणाला महाग पडतं, हे विचारायची गरज उरत नाही.

आता जगाकडे बघू. एका वर्षात शिवल्या जाणाऱ्या कपड्यांची संख्या 2014 साली पहिल्यांदा 10,000 कोटींवर गेली, असा मॅकिन्झी या सल्लागार कंपनीचा हिशेब आहे. सेकंदाला 3,171. हे वाक्य वाचून होईतो दहा-बारा हजार कपडे शिवून झाले. 2023 साली जगात 12 कोटी 40 लाख टन धागा तयार झाला, 2000 साली तो 5 कोटी 80 लाख टन होता. 2023चा हिशेब माणशी साडेपंधरा किलो. भारतीयाच्या वाट्याला त्यातलं बरंच कमी येतं, पण सातारा-सांगलीच्या 58 लाख लोकांनी (2011ची जनगणना) जगाच्या सरासरीने कपडे घ्यायचे ठरवले तर वर्षाला नव्वद हजार टन लागतील. दहा टनी ट्रक एकामागे एक लावले तर साताऱ्यातून निघालेली रांग कराड मागे टाकूनही संपणार नाही. एलेन मॅकआर्थर फाउंडेशनने 2017मध्ये सांगितलं की जगात दर सेकंदाला एक कचरागाडीभर कापड पुरलं किंवा जाळलं जातं. दिवसाला 86,400 गाड्या. जुन्या कपड्यापासून पुन्हा कपडाच होण्याचं प्रमाण शंभरात एकसुद्धा नाही.

भारतात दरवर्षी 78 लाख टन कापडी कचरा साठतो, असं 2022च्या एका अभ्यासात आलं. त्यातला 59 टक्के कोणत्या ना कोणत्या वाटेने वस्त्रोद्योगात परत येतो. त्यात कारखान्यांच्या कातरणी आहेत, पानिपतात येणाऱ्या परदेशी चिंध्या आहेत (पानिपत म्हटलं की आपल्याला 1761च आठवतं, पण आज ते जगातल्या चिंध्या पिंजून घोंगड्या-रग करणारं मोठं गाव आहे), आणि आपल्या दारावरची बोहारीणही आहे. स्टीलच्या पातेल्यावरून तीन साड्या आणि एक पँट अशी घासाघीस करणारी ही बाई पुनर्वापराच्या कुठल्याही अहवालात नावानिशी येत नाही. आपण तिला दारातून परत पाठवून तोच गठ्ठा घंटागाडीत टाकायला लागलो आहोत.

आकड्यांची झिंग चढते, म्हणून थोडं सावध करतो. फॅशन हा जगातला दुसऱ्या क्रमांकाचा प्रदूषक उद्योग आहे, हे वाक्य हजारदा छापून आलं, पण त्यामागचा मूळ अभ्यास शोधायला निघालेल्या पत्रकारांच्या हाती काही लागलं नाही. हवामान बदलवणाऱ्या वायूंत कपड्यांचा वाटा कोणी 10 टक्के सांगतं, कोणी 4, कोणी 2. पाचपट फरक. कोणी शेतीपासून इस्त्रीपर्यंत सगळं धरलं, कोणी कारखान्याचं फाटक लागलं की मोजणं थांबवलं. सांगणाऱ्याने हद्द कुठे आखली ते कळल्याशिवाय टक्केवारीवर विश्वास ठेवू नये.

गुणाकार किती सहज भुलवतो ते बघा. इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठात 2016 साली यंत्रात सहा किलो कपडे धुऊन गळणारे तंतू मोजले. ॲक्रिलिकमधून 7,28,789, पॉलिएस्टरमधून 4,96,030, आणि सूत-पॉलिएस्टरच्या मिश्रणातून, म्हणजे आपल्या टेरिकॉटच्या भावंडातून, 1,37,951. शाळेचा गणवेश साडेचारशे ग्रॅमचा धरला तर एका धुण्यात दहा हजार तंतू. राज्यात सरकारी गणवेश घेणारी मुलं चाळीस लाखांहून जास्त. सगळ्यांच्या आयांनी एका रविवारी एकेक गणवेश धुतला तर 4,100 कोटी प्लॅस्टिकमिश्रित तंतू ओढ्यानाल्यांत! मथळा तयार झाला. पण तो प्रयोग नव्या कापडावर आणि यंत्रात झाला होता. माण तालुक्यात दगडावर धुतलेल्या, दुसऱ्या वर्षाच्या गणवेशाचं गणित त्यातून काढणं म्हणजे लोणंदच्या बाजारभावाने मुंबईचा कांदा विकण्यासारखं आहे.

शिवाय त्या मुलाच्या गणवेशाला गुन्हेगार ठरवायचं कशासाठी? सगळे गुणाकार करतात, मला पोरांना भागाकार शिकवावासा वाटतो. कपड्याच्या पाण्याला तो किती वेळा अंगावर चढला त्या संख्येने भागायचं. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीचे शाळेचे दिवस किमान 220. दोन गणवेश आलटून पालटून घातले तर एकेक 110 वेळा. सोयीसाठी त्यातला शर्टच घेऊ आणि तो सुती धरू. 2,500 भागिले 110, दर घालण्यामागे 23 लिटर. दुसऱ्या वर्षी धाकट्या भावाने घातला की साडेअकरा. मग त्याची पिशवी, मग फरशी पुसायचं फडकं. याउलट कॉलेजच्या एका ‘डे’साठी घेतलेला आणि तीनदा घातलेला शर्ट 833 लिटरला पडतो. सत्तरपटीहून जास्त. ठिगळाची लाज वाटणारा मुलगा या गणितात वर्गात पहिला येतो.

याच गणितात आपली वाकळही बसते. नऊवारी लुगडं साधारण सव्वाआठ मीटर लांब. त्याचे वाकळीएवढे तीन थर निघतात. दोन लुगडी मुरवून सहा थरांची वाकळ धावदोऱ्याने शिवली की रात्री माणूस शंभर किलोमीटर सुताखाली झोपतो, आणि सूत आधीच दहा वर्षं वापरलेलं असतं. भागाकार जवळपास शून्यावर येतो. सणगरांचं घोंगडंही तसंच. दख्खनी मेंढी वर्षाला किलोभरही लोकर देत नाही. ती पिंजून, कातून, चिंचोक्याची खळ लावून केलेलं घोंगडं धनगराच्या खांद्यावर ऊन, पाऊस, थंडी असे तिन्ही काळ काढतं. जगातल्या धाग्यात 2023 साली लोकर एक टक्क्याच्या आसपास, पॉलिएस्टर 57 टक्के. माण, आटपाडी, जतच्या मेंढपाळाला लोकरीपेक्षा मटणाचा भाव दिसतो, त्यात त्याचा दोष नाही.

आता आहेराची साडी घ्या. पोलक्याच्या कापडासकट, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी न मोडता आलेली. ती एका लग्नातून दुसऱ्या लग्नात, तिथून बारशाला, तिथून वास्तुशांतीला जाते. देणारीला ठाऊक असतं की ती नेसणार नाही, घेणारीलाही ठाऊक असतं. नेसण्याची संख्या शून्य, आणि शून्याने भागता येत नाही हे गणिताच्या पुस्तकातच लिहिलं आहे. टॉवेल-टोपी आणि एका दिवसाचे फेटे त्याच रांगेत. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग 1949पर्यंत साताऱ्यातच होता. त्याच जुन्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने चाळीसच्या दशकात गांधी विवाह लावले. थोडक्यात, कमी खर्चात, बडेजावाशिवाय. तेव्हाचा हेतू पाण्याचा नव्हता, कर्जाचा होता. आज बस्त्याला लाखावर रक्कम घालणारी घरं त्याच गावांत आहेत, आणि कर्जही आहे.

साताऱ्यात भाऊराव पाटलांनी 1924मध्ये वसतिगृह सुरू केलं. अंगावर खादी आणि पोरांच्या हाताला काम, ही त्यांची शिकवण. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेत आज चार लाखांहून अधिक मुलं शिकतात. पर्यावरण शिकवणं सक्तीचं करा, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991च्या निकालात सांगितलं, आणि आता प्रकल्पांच्या वह्यांचे गठ्ठे दरवर्षी जमतात. शिक्षकांना एवढीच विनंती, की 2,700 लिटरचं चित्र पुन्हा उतरवून आणायला सांगू नका. प्रत्येक पोराने घरातले दहा कपडे काढावेत. केव्हा आला, किती वेळा घातला, कोणाकोणाकडे गेला, आता कुठे आहे, एवढं आजीला-आईला विचारून लिहावं. त्यात एक आहेराची साडी असावीच. लागणारं गणित चौथीचं आहे.